जुन्या ऑफिस इमारतीला नवे आयुष्य : हवा, उजेड आणि हिरवाईचा व्यवहारी हिशेब

शहरांच्या जुन्या व्यापारी भागांत आज एकच चित्र दिसते. इमारत चाळीस-पन्नास वर्षांची झालेली. जिन्यात अंधार, खिडक्या कायमच्या बंद, भिंतींना ओल, प्रत्येक गाळ्याबाहेर लटकलेला एसीचा डबा आणि दर महिन्याला वाढत जाणारे विजेचे बिल. नवे गिऱ्हाईक अशा ठिकाणी यायला कचरते. ज्याला परवडते तो भाडेकरू काचेच्या नव्या इमारतीत जागा पाहतो. शेवटी मालकाच्या मनात एकच विचार येतो की पाडावे आणि नवे बांधावे. परंतु पाडले तर वर्षानुवर्षे तेथे बसलेला शिंपी, घड्याळजी, छपाईवाला, कमिशन एजंट, हिशेबनीस यांनी मधली चार-पाच वर्षे कोठे बसायचे, आणि नव्या इमारतीतले भाडे त्यांना परवडेल काय, या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नसते.

पाडणे हाच एक उपाय आहे असे मात्र नाही. सांगाडा धड असेल तर जुनी इमारत दुरुस्त करून तिच्यात मोकळी हवा, उजेड आणि हिरवाई आणता येते. तिचे विजेचे बिल कमी करता येते आणि तिची बाजारातील किंमतही टिकवता येते. हे केवळ पुस्तकातले बोलणे नव्हे. आपल्याच देशात, दिल्लीसारख्या धुरकट शहरात, हे करून दाखविले गेले आहे. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना त्यातून काय घेता येईल आणि कोठे सावध राहिले पाहिजे, हे या लेखात पाहू.

नेहरू प्लेसची इमारत

दिल्लीचा नेहरू प्लेस हा भाग संगणक व त्याच्या सुट्या भागांच्या बाजारपेठेसाठी देशभर प्रसिद्ध आहे. गर्दी, वाहने, धूळ आणि धूर यांचा तेथे तोटा नाही. याच भागात पहाडपूर बिझनेस सेंटर नावाची सुमारे ५० हजार चौरस फुटांची इमारत आहे. सजविलेली कार्यालये लहान-मोठ्या कंपन्यांना भाड्याने देणे हा तिचा धंदा.

ही इमारत चालविणारे कमल मीटल यांना १९९० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीच्या हवेची ॲलर्जी झाली. फुप्फुसांची क्षमता ७० टक्क्यांवर आली असल्याचे डॉक्टरांनी त्यांना सांगितले. शहर सोडून जाणे हा एक मार्ग होता. त्यांनी तो न पत्करता इमारतीच्या आतली हवा सुधारण्याचा मार्ग धरला. आयआयटी आणि टेरी या संस्थांची मदत घेतली आणि अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने केलेल्या प्रयोगांचा आधार घेतला.

नासाचा तो प्रयोग १९८९ चा. अंतराळयानात माणसे महिनोन्‌महिने बंद राहणार, तेथे हवा शुद्ध कशी ठेवायची, हा नासापुढचा प्रश्न होता. वोल्व्हर्टन या शास्त्रज्ञाने बंद पेट्यांत घरगुती झाडे ठेवून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि ट्रायक्लोरोइथिलीन हे विषारी वायू किती कमी होतात ते मोजले. झाडे आणि त्यांच्या मुळांजवळच्या मातीतील सूक्ष्मजंतू मिळून हे वायू शोषून घेतात, असे त्यात दिसले.

मीटल यांनी त्यातून तीन साधी झाडे निवडली. कोणत्याही नर्सरीत ती मिळतात.

पहिले अरेका पाम. दिवसा कार्बन डायऑक्साइड घेऊन प्राणवायू देण्याचे काम त्याच्याकडे. माणशी खांद्याएवढ्या उंचीची चार झाडे असावीत, असे त्यांचे प्रमाण. दिल्लीसारख्या शहरात त्याची पाने रोज ओल्या फडक्याने पुसावी लागतात. हवा स्वच्छ असेल तर आठवड्यातून एकदा पुसली तरी चालतात. दर तीन-चार महिन्यांनी झाड उन्हा-वाऱ्यात बाहेर ठेवावे लागते.

दुसरे स्नेक प्लांट, म्हणजे तलवारीसारख्या उभ्या, पट्टेदार पानांचे झाड. बहुतेक झाडांच्या पानांची छिद्रे दिवसा उघडतात, याची रात्री उघडतात. म्हणून रात्रीच्या वेळेसाठी हे उपयोगी. माणशी कमरेएवढी सहा ते आठ झाडे, असे त्याचे प्रमाण सांगितले जाते.

तिसरे आपल्या सर्वांच्या ओळखीचे मनी प्लांट. फॉर्माल्डिहाइडसारखे वायू कमी करण्यासाठी याची निवड झाली. हे मातीशिवाय, नुसत्या पाण्यातही वाढते.

२००९ मध्ये मीटल यांनी जाहीर व्याख्यानात दिलेल्या माहितीनुसार त्या वेळी ही इमारत वीस वर्षांची होती आणि ३०० माणसांसाठी तीत सुमारे १२०० झाडे होती. म्हणजे सरासरी माणशी चार. इमारतीची विजेची गरज १५ टक्क्यांनी कमी झाली आणि लोकांचे काम २० टक्क्यांहून अधिक वाढले, असा त्यांचा अनुभव त्यांनी सांगितला. भारत सरकारने सप्टेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीचा दाखलाही त्यांनी दिला. दिल्लीतील इतर इमारतींच्या तुलनेत येथे डोळ्यांची जळजळ ५२ टक्क्यांनी, श्वसनाच्या तक्रारी ३४ टक्क्यांनी, डोकेदुखी २४ टक्क्यांनी आणि दमा ९ टक्क्यांनी कमी आढळला, असे ते आकडे आहेत. पुढे जुन्या इमारतींसाठी असलेले ‘लीड’ या हरित इमारत पद्धतीचे सर्वांत वरचे, म्हणजे प्लॅटिनम दर्जाचे प्रमाणपत्रही या इमारतीला मिळाले.

वीज वाचली कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. एसी असलेल्या इमारतीत माणसांच्या श्वासासाठी बाहेरची ताजी हवा सतत आत घ्यावी लागते. दिल्लीच्या उन्हाळ्यात ही हवा ४५ अंशांपर्यंत तापलेली असते. ती थंड करण्यातच विजेचा मोठा हिस्सा जातो. आतली हवा आतच स्वच्छ करून पुन्हा वापरता आली तर बाहेरून कमी हवा घ्यावी लागते आणि तेवढी वीज वाचते. असा हा साधा हिशेब आहे.

झाडांना किती श्रेय द्यावे?

येथे मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे वाचक नर्सरीतून दहा कुंड्या आणतील आणि हवा शुद्ध झाली असे समजून स्वस्थ बसतील.

नासाचा प्रयोग लहानशा बंद पेटीत झाला होता. ऑफिस ही बंद पेटी नसते. दार उघडते, मिटते, फटींतून हवा येते-जाते. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वारिंग या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले. सर्वसाधारण इमारतीत हवेच्या येण्या-जाण्याने असे वायू जेवढे बाहेर जातात, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे असेल तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. २०० चौरस फुटांच्या गाळ्याला हा हिशेब लावला तर कमीत कमी १८० च्या वर झाडे ठेवावी लागतील. मग गिऱ्हाईक आणि माल कोठे ठेवायचा?

मग दिल्लीच्या इमारतीत फरक कशाने पडला? तेथे केवळ झाडे नव्हती. बाहेरची हवा आधी पाण्याने धुतली जात होती, गच्चीवरच्या हरितगृहातून नेली जात होती आणि गाळण्यांतून गाळून मग आत सोडली जात होती. आतली हवा नियमित मोजली जात होती. झाडांची निगा राखायला माणसे होती. झाडे ही त्या संपूर्ण व्यवस्थेची एक बाजू होती. हवेतील बारीक धुळीचे कण, जे फुप्फुसात खोलवर जातात, ते अडविण्याचे काम मुख्यतः गाळणीचे आहे. कुंडीतल्या झाडाकडून ते होत नाही.

याचा अर्थ झाडे निरुपयोगी आहेत असाही नव्हे. २०१४ मध्ये ब्रिटनच्या एक्झिटर विद्यापीठातील संशोधकांनी इतर विद्यापीठांच्या साथीने ब्रिटन व नेदरलँड्समधील कार्यालयांत पाहणी केली. उघड्याबोडक्या ऑफिसात झाडे आणल्यावर काम १५ टक्क्यांनी वाढले आणि लोकांना आपली जागा अधिक आवडू लागली, असे त्यांना आढळले. डोळ्यांना हिरवे दिसणे, खिडकीतून कडक ऊन येण्याऐवजी पानांतून गाळलेला उजेड येणे, याचा माणसाच्या मनावर परिणाम होतो. गिऱ्हाईकावरही होतो. दिवसातले दहा तास गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा निष्कर्ष असा की झाडे जरूर लावावीत, पण ती शेवटच्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या कोणत्या, ते न्यूयॉर्कच्या एका इमारतीकडे पाहिले की कळते.

खिडक्या टाकल्या नाहीत, दुरुस्त केल्या

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ मध्ये पूर्ण झाली. १०२ मजल्यांची ही इमारत एके काळी जगातील सर्वांत उंच होती. २००९ पर्यंत ती जुनी आणि खर्चिक झाली होती. हिवाळ्यात उष्णता बाहेर जाई, उन्हाळ्यात आत येई. मालकांपुढे एक प्रस्ताव असा होता की थंड हवेची मोठी नवी यंत्रे बसवावीत.

तज्ज्ञांनी उलटा सल्ला दिला. आधी गळती बंद करा, मग किती मोठे यंत्र लागते ते पाहा, असे त्यांनी सांगितले. इमारतीच्या ६,५१४ खिडक्या काढून टाकून नव्या आणण्याऐवजी त्या इमारतीतच दुरुस्त करण्यात आल्या. त्यासाठी पाचव्या मजल्यावर कारखानाच उभारला गेला. रात्री खिडकी काढायची, दोन काचा सुट्या करायच्या, स्वच्छ करायच्या, मध्ये पातळ पारदर्शक फिल्म ताणून बसवायची, पोकळीत वायू भरायचा, पुन्हा बंद करायची आणि जागेवर लावायची. जुन्या काचा व चौकटी यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक माल परत वापरात आला. खोली गरम करणाऱ्या रेडिएटरमागे, बाहेरच्या भिंतीच्या बाजूने, उष्णता परतविणारे पत्रे बसविले. दिवे बदलले.

इतके झाल्यावर थंड हवेची गरजच इतकी कमी झाली की मोठी नवी यंत्रे घ्यावी लागली नाहीत. जुनीच दुरुस्त करून भागले. योजनेनुसार विजेचा व इंधनाचा वापर ३८ टक्क्यांनी आणि खर्च वर्षाला ४४ लाख डॉलरने कमी व्हायचा होता. यासाठी नेहमीच्या दुरुस्तीवर जास्तीचे सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर लागले. म्हणजे तीन वर्षांत पैसा वसूल. २०११ मध्ये या इमारतीला ‘लीड’चे सुवर्ण दर्जाचे प्रमाणपत्र मिळाले.

आमच्या कारागीर बंधूंनी या उदाहरणातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. एवढ्या मोठ्या कामाचा गाभा म्हणजे खिडकी दुरुस्त करणे. काच कापणारा, चौकट सरळ करणारा, सांधे बंद करणारा माणूस यांच्या हातांनी ही बचत झाली.

खर्च मालकाचा, फायदा भाडेकरूचा?

जुन्या इमारती सुधारत नाहीत याचे खरे कारण बहुतेक वेळा पैसा नसून हिशेबातली ही गाठ असते. खिडक्या, गच्ची, जिना हे मालकाचे. विजेचे बिल भाडेकरूचे. मालकाने खर्च केला तर बचत भाडेकरूच्या खिशात जाते, म्हणून मालक हात आखडतो. भाडेकरूने खर्च केला तर उद्या जागा सोडावी लागेल ही भीती असते, म्हणून तोही थांबतो. मुंबईच्या पागडीच्या इमारतींत तर भाडे इतके थोडे असते की मालकाकडे दुरुस्तीला पैसाच उरत नाही.

दिल्लीच्या इमारतीत ही गाठ नव्हती. तेथे मालक स्वतःच जागा सजवून, वीज-हवेसकट भाड्याने देत होता. त्यामुळे वाचलेला पैसा त्याच्याकडेच राहिला आणि चांगल्या हवेमुळे भाडेकरूही टिकले.

आपल्या बाजारपेठांतील इमारतींत ही गाठ सोडवायची तर लेखी करार हाच मार्ग आहे. एका मजल्यावरच्या सर्व गाळेधारकांनी एकत्र येऊन सामाईक जागेचा, म्हणजे जिना, पॅसेज, गच्ची, पाण्याची टाकी यांचा खर्च वाटून घ्यावा. मालकाने दोन-तीन वर्षे भाडेवाढ न करण्याचे लिहून द्यावे. गाळ्याच्या आतला पंखा, दिवा, एसी ज्याचा त्याने बदलावा आणि जागा सोडताना तो घेऊन जाण्याचा हक्क करारात नमूद करावा. तोंडी बोलण्यावर हे काम करू नये. वर्षभराने कोणाला काय आठवेल याचा भरवसा नसतो.

कोठून सुरुवात करावी?

पहिली पायरी सांगाड्याची तपासणी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना बांधकामाची तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे. इतर शहरांत कोणी विचारले नाही तरी ती करून घ्यावी. कॉलममधली सळई गंजली असेल, तुळई वाकली असेल, तर रंग आणि कुंड्या यांवर केलेला खर्च पाण्यात जातो. शिवाय जीवाला धोका, तो वेगळाच.

दुसरी पायरी पाण्याची. गच्ची गळते काय, बाथरूमचे पाणी भिंतीत मुरते काय, पावसाचा पाइप फुटला आहे काय, हे पाहून आधी ओल थांबवावी. ओल्या भिंतीवर बुरशी येते. बंद खोलीत बुरशीची हवा दम्याच्या माणसाला बाहेरच्या धुराइतकीच त्रासदायक ठरते.

तिसरी पायरी उष्णता आत येऊ न देणे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला ठाऊक असते की तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतविणारा पांढरा रंग देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. अहमदाबादेत २०१७ मध्ये अशा थंड छपरांची मोहीम सुरू झाली आणि तेलंगण सरकारने २०२३ मध्ये त्यासाठी धोरणच जाहीर केले. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून छज्जा, बांबूची चटई, लाकडी पट्ट्यांच्या झडपा किंवा जाळी लावावी. ऊन काचेच्या आत आल्यावर लावलेल्या पडद्यापेक्षा काचेबाहेर अडविलेले ऊन कितीतरी चांगले. आपल्या जुन्या वाड्यांतील आणि हवेल्यांतील जाळ्या याच कामासाठी होत्या. खानदेश, मराठवाडा, विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदेही उत्तम काम देतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मात्र त्यांचा उपयोग नाही. तेथे समोरासमोरच्या खिडक्या उघडून वारा खेळविणे हाच उपाय.

चौथी पायरी दिवे, पंखे आणि एसी. येथे हिशेब थेट मांडता येतो. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो. नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो. एका ऑफिसात असे दहा पंखे रोज दहा तास चालत असतील तर रोज साडेचार युनिटची बचत होते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १,३५० युनिट. युनिटचा दर १० रुपये धरला तर वर्षाला १३,५०० रुपये. एक पंखा ३,००० रुपयांना पडतो असे धरले तर दहा पंख्यांचे ३० हजार सव्वादोन वर्षांत वसूल होतात आणि पुढची सर्व वर्षे फायद्याची. जुन्या चोकच्या ट्यूबलाइट बदलून २० वॉटच्या एलईडी नळ्या लावल्या तर प्रत्येक नळीमागे साधारण ३० वॉट वाचतात. वीस नळ्यांमागे रोज दहा तासांत सहा युनिट होतात, म्हणजे वर्षाला १,८०० युनिट. आपापल्या बिलावरचा दर आणि दुकानातली किंमत घालून प्रत्येकाने हा हिशेब स्वतः करून पाहावा.

एसीबाबत ऊर्जा दक्षता ब्युरो या सरकारी संस्थेचे म्हणणे असे की तापमान एका अंशाने वाढविले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. २०२० पासून नवे एसी सुरू करताना आपोआप २४ अंशांवर असावेत असा नियमही झाला. पंखा चालू ठेवून २४ ते २६ अंशांवर बसले तर १८ अंशांत शाल पांघरून बसण्यापेक्षा शरीराला बरे आणि बिलालाही.

पाचवी पायरी हवेची. साधा गाळ्यातला एसी आतलीच हवा फिरवतो, ताजी हवा आत आणत नाही, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. मोकळ्या हवेत दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ४२० भाग असतात. बंद एसी खोलीत पाच-सहा माणसे बसली की थोड्याच वेळात हा आकडा हजाराच्या वर जातो. दुपारी येणारी पेंग आणि जड डोके यांचे एक कारण हे असते. हे मोजण्याची लहान यंत्रे बाजारात मिळतात. इमारतीतल्या सर्वांनी मिळून एक घ्यावे. आकडा वाढला की खिडकी उघडावी किंवा एग्झॉस्ट पंखा लावावा. बाहेर रस्त्याची धूळ फार असेल तर गाळणी बसविलेला पंखा लावून हवा आत घ्यावी आणि गाळणी वेळच्या वेळी बदलावी. दिल्लीच्या इमारतीने बाहेरची हवा कमी घेतली ती मापन करून. मापनाशिवाय खिडक्या बंद करण्याचे धाडस कोणी करू नये.

सहावी पायरी झाडे.

वजन, पाणी आणि डास

झाडे लावताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली वजनाची. एक घनमीटर ओली माती १,६०० किलोच्या वर भरते. म्हणजे गच्चीवर एक फूट जाडीचा मातीचा थर दिला तर दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भार पडतो. माणसांच्या वापराच्या साध्या गच्चीचे बांधकाम करताना वरच्या ये-जा व सामानासाठी चौरस मीटरला साधारण १५० किलोचाच भार धरलेला असतो. तेव्हा जुन्या इमारतीच्या गच्चीवर मातीचे वाफे टाकणे म्हणजे धोक्याला बोलावणे. लाकडी तुळयांच्या इमारतीत तर हा विचारही करू नये. नारळाच्या भुशाचे हलके मिश्रण, प्लॅस्टिकच्या हलक्या कुंड्या वापराव्यात. त्या खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या वर ठेवाव्यात.

दुसरी पाण्याची. प्रत्येक कुंडीखाली ताटली हवी. पाणी मोजके हवे. अरेका पाम आणि मनी प्लांट यांना माफक पाणी चालते. स्नेक प्लांटला मात्र माती पूर्ण सुकल्यावरच पाणी द्यावे. बहुतेक स्नेक प्लांट मरतात ते जास्त पाण्याने. शिवाय सांडलेले पाणी स्लॅबमध्ये मुरले तर खालच्या गाळेवाल्याशी भांडण ठरलेले.

तिसरी डासांची. ताटलीतले आणि मनी प्लांटच्या बाटलीतले साचलेले स्वच्छ पाणी हे डेंग्यूच्या डासाचे आवडते ठिकाण. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व ताटल्या रिकाम्या करून घासून कोरड्या कराव्यात आणि बाटल्यांचे पाणी बदलावे. हा दिवस ठरवून ठेवावा आणि एका माणसावर जबाबदारी टाकावी. सर्वांचे काम म्हणून सोडले तर ते कोणीच करत नाही.

कारागिरांसाठी काम, आणि काळजीही

अशा एका इमारतीच्या कामात गवंडी, प्लंबर, वायरमन, एसी मेकॅनिक, काचवाला, सुतार, ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा, वेल्डर, रंगारी, बांबूकाम करणारा आणि नर्सरीवाला एवढ्यांना रोजगार मिळतो. नवी इमारत बांधताना पैशाचा मोठा भाग सिमेंट, लोखंड आणि काच यांत जातो. दुरुस्तीत तोच भाग मजुरीत व कौशल्यात जातो. म्हणून दुरुस्तीचे काम वाढणे हे आमच्या कारागीर वर्गाच्या हिताचे आहे. चार-पाच वेगवेगळ्या कसबाच्या माणसांनी एकत्र येऊन ‘जुनी इमारत दुरुस्ती’ असे एकत्रित काम घ्यायला सुरुवात केली तर गिऱ्हाईकालाही एकाच माणसाशी बोलणे सोयीचे पडेल. कामाआधीचे आणि नंतरचे वीज बिल जपून ठेवावे. पुढचे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी त्याहून चांगली जाहिरात नाही.

नर्सरीवाल्यांसाठी तर हा कायमचा धंदा आहे. ऑफिसातली झाडे दर तीन-चार महिन्यांनी बाहेर नेऊन दुसरी आणावी लागतात, हे वर सांगितलेच. मोठ्या शहरांत महिन्याच्या भाड्याने कुंड्या पुरविणारे, पाणी घालणारे आणि झाडे बदलून देणारे नर्सरीवाले आहेत. विक्रीत एकदा पैसा मिळतो, भाड्यात दरमहा.

मात्र कारागिरांनी स्वतःच्या जीवाची काळजी घ्यावी. जुना तैलरंग घासताना तोंडावर चांगला मास्क हवा. भारतात रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ चे आहेत. त्याआधीच्या रंगात शिसे भरपूर असू शकते. ते धुळीवाटे शरीरात जाते आणि कपड्यांवरून घरच्या लहान मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून कोरडे घासण्यापेक्षा ओले करून घासावे आणि कामाचे कपडे वेगळे ठेवावेत. जुने सिमेंटचे पन्हाळी पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. ते तोडू किंवा कापू नयेत, ओले करून सबंध उतरवावेत. सुतारकामात स्वस्त प्लायवुड आणि पार्टिकल बोर्डच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत गणले. दिल्लीतील इमारतीत मनी प्लांट ज्या वायूसाठी लावले गेले तो हाच. तो वायू शोषून घ्यायला झाड आणण्यापेक्षा तो सोडणारा माल कमी वापरणे शहाणपणाचे. कमी उत्सर्जनाचे प्लायवुड मिळते. गिऱ्हाईकाला फरक समजावून सांगावा. नवे फर्निचर केल्यावर काही दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

थोडक्यात सांगायचे तर या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी सांगाडा, मग ओल, मग ऊन, मग वीज, मग हवा आणि सर्वांत शेवटी झाडे. क्रम उलटा केला की दोन महिन्यांत कुंड्या सुकतात आणि हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत असे म्हणून लोक सोडून देतात. क्रम पाळला तर एकाच वर्षी सगळे करण्याची गरजही नाही. या वर्षी गच्ची आणि ओल, पुढच्या वर्षी पंखे-दिवे, त्यातून वाचलेल्या पैशातून खिडक्या, असे टप्प्याटप्प्याने करता येते.

यंदा पावसाळ्यापूर्वी आमच्या व्यापारी बंधूंनी निदान एवढे करावे. आपल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना एका संध्याकाळी एकत्र बोलवावे, मागच्या बारा महिन्यांची वीज बिले समोर ठेवावीत आणि गच्चीवर एक फेरी मारून यावी. पुढचे काम कोठून सुरू करायचे ते त्या फेरीतच दिसेल.